महेश्वरला दुपारी पोहोचू नका

पुण्याहून निघणाऱ्या बहुतेक सहलींमध्ये मध्य प्रदेशातलं महेश्वर हे जेवणानंतरचं गाव असतं. उज्जैनला महाकाल झाला, ओंकारेश्वरला ज्योतिर्लिंग झालं, आता इंदूर गाठायच्या आधी 'दोन तास महेश्वर'. बस दीडच्या सुमाराला थांबते. घाटाचे काळे दगड तव्यासारखे तापलेले असतात, बऱ्याच देवळांचे गाभारे बंद असतात, विणकर जेवायला गेलेले असतात. राजवाडा सात मिनिटांत बघून होतो, एक साडी घाईघाईत घेतली जाते आणि बसमध्ये चर्चा सुरू होते, "त्यापेक्षा वाईचा घाट बरा होता."

महेश्वरला किमान एक पूर्ण संध्याकाळ आणि त्याला लागून एक पूर्ण सकाळ द्यावी लागते. दोन मुक्काम असतील तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तर हे गाव यादीतून सरळ काढून टाका आणि तो वेळ ओंकारेश्वरला द्या.

हे असं का, ते नकाशा पाहिला की लगेच कळतं. नर्मदा इथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि महेश्वर तिच्या उत्तर तीरावर आहे. म्हणजे सगळे घाट दक्षिणेकडे तोंड करून बसलेत. पायरीवर बसून नदीकडे पाहिलं की डावीकडे, शेजारच्या मंडलेश्वर गावाच्या अंगाला, सूर्य उगवतो आणि उजवीकडे प्रवाहाच्या दिशेने मावळतो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे किल्ल्याची भिंत, छत्र्या, झरोके यांच्यावर ऊन पडलेलं राहतं. फोटो काढायचे असतील तर होडीतून किल्ल्याकडे तोंड करून काढा. घाटावरून नदीकडे कॅमेरा धरलात की दुपारभर समोरून ऊन येणार आणि माणसं काळी दिसणार. मे-जूनमध्ये सूर्य थेट डोक्यावर असतो आणि घाटावर सावलीचा तुकडा सापडत नाही. निमाडचा, म्हणजे या भागाचा, उन्हाळा जळगाव-भुसावळच्या जातीचा आहे. ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी एवढाच काळ खरा.

डिसेंबरात सूर्योदय जवळजवळ पुण्याच्याच वेळेला होतो, पण सूर्यास्त पुण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं आधी. पावणेसहाला सूर्य पाण्याला टेकलेला असतो. 'सहाला होडी घेऊ' असं ठरवून आलेले लोक त्यामुळे अंधारात होडीत बसतात.

पुण्याहून जायचे तीन मार्ग आहेत. गाडीने शिरूर, अहिल्यानगर, शिर्डी, मनमाड, मालेगाव, धुळे, शिरपूर, मग पळासनेरला महाराष्ट्र संपतो आणि बिजासन घाट चढून सेंधवा येतं. पुढे जुलवानिया, खलघाटला नर्मदेवरचा पूल, धामणोद, आणि तिथून महामार्ग सोडून उजवीकडे साधारण तेरा किलोमीटर. एकूण सव्वापाचशे ते साडेपाचशे किलोमीटर होतात. पहाटे साडेचार-पाचला निघालात तर थांबत-थांबत चार-पाचपर्यंत पोहोचता, म्हणजे पहिलीच संध्याकाळ घाटावर मिळते. सातला निघालात तर अहिल्यानगरच्या आसपासच ऊन आणि ट्रक दोन्ही गाठतात आणि सेंधव्याच्या पुढे अंधार पडतो. बिजासन घाटात परत येताना जास्त जपा. तेव्हा उतार असतो, आणि ब्रेक तापलेले अवजड ट्रक मागे असणं ही चांगली गोष्ट नाही. खालच्या गिअरमध्ये उतरा आणि ट्रकच्या पुढे रेंगाळू नका.

रेल्वेने इंदूरला जाणारी गाडी सोयीची, पण ती सरळ जात नाही. वसई, सुरत, बडोदा, रतलाम, उज्जैन असा मोठा वळसा घालून ती इंदूरला पोहोचते, त्यामुळे रात्र आणि शिवाय काही तास जातात. उज्जैन आधी येतं, म्हणून ज्यांना महाकाल करायचा आहे त्यांनी तिथेच उतरणं शहाणपणाचं. इंदूर ते महेश्वर नव्वदेक किलोमीटर, मानपूर आणि गणेश घाट उतरून धामणोदमार्गे. तिसरा पर्याय फारसा कोणी वापरत नाही: पुण्याहून मनमाड-भुसावळमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीने खंडव्याला उतरायचं, आणि तिथून सनावद, बडवाह, मंडलेश्वर असं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास टॅक्सीने यायचं. ओंकारेश्वर याच वाटेला लागूनच आहे. पावसाळ्यात मात्र हा मार्ग धरताना मोरटक्क्याच्या पुलाची चौकशी करून निघा. नर्मदेला पूर आला की तो पूल वाहतुकीला बंद करतात. विमानाने इंदूर हा चौथा मार्ग, पण त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मुक्कामाचं ठिकाण निवडताना एक चूक हमखास होते. 'घाटापासून दोन मिनिटं' असं वाचून खोली घेतली जाते आणि मग कळतं, की गाडी तिथपर्यंत जातच नाही. किल्ल्याच्या पायथ्याच्या गल्ल्या कसब्यातल्या बोळांसारख्या आहेत. मोठी गाडी असेल तर आधी फोन करून गाडी नेमकी कुठे लावायची आणि सामान कुठून चालत न्यायचं हे विचारा. बरोबर गुडघेदुखीवाली मंडळी असतील तर हा प्रश्न सगळ्यात आधी. राज्य पर्यटन विभागाचं नर्मदा रिसॉर्ट गावाबाहेर सहस्रधारेच्या बाजूला आहे. ते निवांत आहे, पण पहाटे घाटावर यायचं तर गाडी काढावी लागते. किल्ल्याचा एक भाग होळकर घराण्याने वारसा हॉटेल म्हणून चालवायला घेतला आहे. तिथले दर बघून पुणेकर 'बाहेरूनच छान दिसतंय' म्हणतो, आणि तो भाग पाहुण्यांसाठीच असल्यामुळे बाहेरूनच बघावाही लागतो. शनिवार-रविवारी इंदूरचं गाव इथे लोटतं, सोमवती किंवा शनी अमावस्येला तर आसपासच्या खेड्यांमधून स्नानाला हजारो लोक येतात. सोमवार ते गुरुवार पकडता आला तर पकडा, आणि तिथी बघूनच तारीख ठरवा. १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश सरकारने महेश्वर आणि मंडलेश्वर धरून काही धार्मिक गावांमध्ये दारूची दुकानं बंद केली आहेत. ज्यांच्या सहलीचा तो भाग असतो त्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

आता प्रत्यक्ष गाव. क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या संध्याकाळी फक्त नदी आणि घाट, दुसऱ्या सकाळी देवळं आणि वाडा, दुपारी आराम, मग माग. बहुतेक लोक वरून, म्हणजे किल्ल्याच्या दारातून, सुरुवात करतात. आधी राजवाडा दिसतो, अपेक्षाभंग होतो आणि मग खालचा घाट बघायला मन उरत नाही. खालून वर गेलं की गाव नीट उलगडतं.

होडी साडेचारला घ्या. दर माणशी की अख्ख्या होडीचा, आणि फेरी किती वेळाची, या दोन गोष्टी बसण्याआधी ठरवा. पुढच्या कटकटी याच दोन न ठरवलेल्या गोष्टींवरून होतात. नदीच्या मध्ये खडकावर बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे. ध्रुवतारा आणि पृथ्वीचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर ते उभं आहे अशी इथली श्रद्धा आहे. तिथे उतरताना दगड ओले असतात, म्हणून चप्पल होडीतच ठेवून अनवाणी उतरणं जास्त सुरक्षित. लाइफ जॅकेट मागा. मागितल्याशिवाय ते देतीलच असं नाही. परत येताना नावाड्याला होडी किल्ल्यासमोर दोन-तीन मिनिटं थांबवायला सांगा. पाण्यापासून पायऱ्या, पायऱ्यांवरून छत्र्यांचे चौथरे, त्यावर झरोके, मग तटाची भिंत, असं सगळं एका नजरेत येतं. महेश्वरचा राजमहाल म्हणावा तर तो हाच दर्शनी भाग.

घाटांची नावं ऐकताना मराठी माणसाचे कान टवकारतात: अहिल्या घाट, पेशवे घाट, फणसे घाट. फणसे म्हणजे अहिल्याबाईंच्या जावयाचं घराणं. मुलगी मुक्ताबाई ही यशवंतराव फणसेंना दिलेली होती. १७९१ मध्ये ते वारल्यावर ती सती गेली. अहिल्याबाईंचा नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेला, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये, मुलगा मालेराव १७६७ मध्ये, आणि शेवटी हे. घाटावर लहान-लहान शिवलिंगं आणि सतीशिळा जागोजागी आहेत. त्यांना टेकून फोटो काढणारे भरपूर दिसतात, कारण त्या काय आहेत हे सांगणारी पाटी नाही.

घाटाच्या खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असतं. वरच्या कोरड्या पायरीचा अंदाज घेऊन झपझप उतरणारा माणूस नेमका तिथेच घसरतो. शिवाय वरच्या अंगाला धरणं आहेत. पाणी सोडलं की पातळी बदलते आणि काल उघडी असलेली पायरी आज बुडालेली असते. पोहता येतं म्हणून मध्ये जाऊ नका. डुबकी मारायची तर स्थानिक लोक जिथे स्नान करतात तिथेच, काठावर. पावसाळ्यात पूर असला तर होड्या बंदच असतात.

संध्याकाळी घाटावर नर्मदेची आरती होते. हरिद्वार-काशीच्या आरतीचा थाट मनात ठेवून येऊ नका. ती छोटी आहे, आणि छोटी आहे म्हणूनच पायरीवर बसून नीट ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी पहाट घाटावर काढून आठच्या सुमाराला वर वाड्यात जा, कारण साधारण साडेआठच्या आसपास तिथे लिंगार्चन सुरू असतं. नदीच्या काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी शिवलिंगं पाटावर रांगेने मांडतात, पूजा करतात आणि मग ती सगळी नर्मदेत विसर्जित करतात. अहिल्याबाईंच्या वेळेपासून चालत आलेली ही नित्यपूजा आहे. दहाला पोहोचलात तर फक्त पुसलेले पाट दिसतील. शांत बसून बघा आणि फोटोचं विचारूनच. जवळच देवघरात बाळकृष्णाचा सोन्याचा झुला आहे. तो जाळीतून बघावा लागतो.

आणि आता राजवाडा, ज्यावरून सगळी निराशा होते. 'राजवाडा' शब्द ऐकून लोक ग्वाल्हेर किंवा म्हैसूर डोळ्यांपुढे आणतात. इथे समोर येतो तो मराठी वाडा: चौक, ओसरी, लाकडी खांब, कौलारू छप्पर. विश्रामबागवाड्याची ओसरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तर हा त्याहून साधा वाटेल. ओसरीत पांढऱ्या गादी-लोडाची बैठक मांडलेली आहे. बस, तेवढंच. सिंहासन नाही. १७६७ ते १७९५ अशी जवळपास अठ्ठावीस वर्षं माळव्याचा कारभार अशा बैठकीवरून चालला. होळकरांच्या आज्ञापत्रांवर राज्यकर्त्याच्या नावाऐवजी 'श्री शंकर आज्ञेवरून' असं लिहिलं जाई. राज्य शंकराचं, आपण कारभारी, अशी ती भूमिका. काशीचं विश्वनाथ मंदिर (१७८०), सोमनाथ, वेरूळचं घृष्णेश्वर यांच्यावर झालेला खर्च एका बाजूला ठेवा आणि ही ओसरी दुसऱ्या बाजूला. ती साधी असणं हाच तिचा मुद्दा आहे, आणि हे माहीत नसेल तर ती रिकामी जागा वाटते. पालखी, शस्त्रं, जुन्या वस्तू शेजारच्या दालनात आहेत, मांडणी यथातथा.

वाड्यातून खाली घाटाकडे उतरताना अहिल्येश्वराचं आवार लागतं. देवळासारखं दिसत असलं तरी ही अहिल्याबाईंची छत्री आहे, त्यांच्या मृत्यूनंतर बांधलेली. १३ ऑगस्ट १७९५ ला त्या गेल्या. तिथी श्रावण वद्य चतुर्दशी, आणि दरवर्षी त्या तिथीला गावात पालखी निघते. दगडी कामात राजपूत झरोके आणि मराठी छत्रीचा आकार एकत्र आले आहेत. सकाळी नऊ-दहाच्या तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी तेच काम सपाट दिसतं.

समोरची छत्री विठोजी होळकरांची. इथे पुणेकराने दोन मिनिटं थांबलंच पाहिजे. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजींना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी देऊन मारलं. छत्रीच्या चौथऱ्यावर कोरलेली हत्तींची रांग बघताना हे आठवलं की डोळा तिथून हलत नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: विठोजींचे भाऊ यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले, २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या पदराखाली गेला. हडपसर पुलाखालच्या गर्दीत रोज अडकणाऱ्या माणसाला या इतिहासाचं दुसरं टोक नर्मदेच्या काठावर असं दगडात सापडतं. माहितीफलकावर यातलं फार थोडं आहे. महिदपूरच्या लढाईनंतर १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वर होतं तसं राहिलं. आज ते बघण्यासारखं उरलं आहे त्याचं हेही एक कारण.

देवळं बरीच आहेत. सगळी करायचा अट्टहास नको. राजराजेश्वर मात्र चुकवू नका. ते सहस्रार्जुनाशी जोडलेलं आहे. महेश्वर म्हणजे पुराणातली माहिष्मती आणि कार्तवीर्य सहस्रार्जुन तिचा राजा, अशी परंपरा आहे. त्याने हजार हातांनी नर्मदा अडवली, रावणाला बांधून ठेवलं, वगैरे. गाभाऱ्यात तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवत असतात. हार-नारळाऐवजी तूप न्या, तिथे तेच कामी येतं. काशी विश्वनाथ, कालेश्वर, विठ्ठलेश्वर, माहेश्वरी नदीच्या संगमावरचं ज्वालेश्वर ही वेळ असेल तर. एक सूचना क्षुल्लक वाटेल पण उपयोगी आहे: पिशवीत जाड सुती मोजे ठेवा. अकरानंतर आवारातली फरशी अनवाणी चालवत नाही आणि मोज्यांना कोणी हरकत घेत नाही.

ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांच्यासाठी: किल्ल्याच्या वरच्या दरवाजापर्यंत रिक्षा जाते. वाडा आणि लिंगार्चन बघून पुन्हा रिक्षाने खाली गावातून घाटाकडे जावं. मधला जिना तेवढा टाळता येतो.

सहस्रधारा जलकोटीजवळ, गावापासून पाचेक किलोमीटर. नर्मदा तिथे खडकांच्या असंख्य फटींतून फुटून वाहते, म्हणून हे नाव, आणि हजार हातांची कथाही इथलीच. प्रवाह इतका खळाळता की २०२३ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धांमधली कनू स्लालम, म्हणजे खळाळत्या पाण्यातली होड्यांची शर्यत, इथे झाली. पण खालच्या सरदार सरोवराची पातळी चढलेली असली की बॅकवॉटरखाली खडक बुडतात आणि दिसतं ते नुसतं संथ पाणी. त्यामुळे निघण्याआधी हॉटेलवाल्याला 'धारा दिसते आहे का' एवढंच विचारा. जवळ एकमुखी दत्ताचं मोठं देऊळ आहे. औदुंबर-गाणगापूर करणाऱ्यांची पावलं तिकडे आपोआप वळतात.

साडी. महेश्वरला जाऊन साडी न घेता येणारे थोडे, आणि नीट बघून घेणारे त्याहून थोडे.

खऱ्या महेश्वरीची ओळख तीन ठिकाणी पटते: पोत, काठ आणि पदर. नेहमीच्या महेश्वरीत ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा असतो, म्हणून ती हलकी राहते, चमक दबकी असते आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटत नाही. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. या उलट-सुलट चालणाऱ्या काठाला 'बुगडी' म्हणतात, साडी उलटी नेसली तरी फरक पडू नये हा त्यामागचा हिशेब. काठावरची नक्षी भूमितीची असते आणि ती थेट किल्ल्याच्या दगडातून उचललेली आहे: वीट, चटई, लहर, रुईफूल. सकाळी अहिल्येश्वराच्या भिंतीवर जे पाहिलं तेच दुपारी मागावर दिसतं, म्हणूनही आधी देऊळ आणि मग दुकान. पारंपरिक पदराला पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि दोन पांढरे. जुन्या रंगांची नावं आपल्या आजीच्या तोंडची आहेत: अंगुरी, डाळिंबी, गुलबक्षी, जांभळा, तपकिरी. दुकानात 'वाइन' आणि 'ऑनियन' म्हणतील. तुम्ही डाळिंबी मागा, जुन्या विणकराला बरोबर कळतं.

फसगत कुठे होते? एक, यंत्रमागाचं कापड हातमाग म्हणून विकलं जातं. काठाच्या अगदी कडेला बघा. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या सुयांची बारीक भोकं ठरावीक अंतराने दिसतात आणि विणीत किंचित सैल-घट्टपणा असतो. शेवटपर्यंत इंचभरही फरक नसलेली वीण संशयास्पद. दोन, रेशमाऐवजी पॉलिएस्टर. पदराच्या दशीतला एक धागा मागून घ्या आणि जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते, सुताला कागद जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ताण्याचा आणि बाण्याचा धागा वेगवेगळा जाळायचा, हे विसरू नका. नुसता बाणा जाळलात तर सूत निघणारच. चांगला दुकानदार धाग्याला नाही म्हणत नाही. तीन, जर. आजच्या साड्यांमधली बहुतेक जर खऱ्या चांदीची नसते, आणि नेहमीच्या किमतीत ती अपेक्षितही नाही. मात्र 'असली जरी' म्हणून जास्त पैसे मागितले तर बिलावर तसं लिहून मागा. चौथी गोष्ट फसगत म्हणता येणार नाही, पण गोंधळ होतो: पुण्यात प्रदर्शनांमध्ये मिळणारं ब्लॉकप्रिंट केलेलं 'महेश्वरी सिल्क' हे अनेकदा यंत्रमागाचंच कापड असतं. त्याची किंमत डोक्यात ठेवून इथे घासाघीस केली तर दोन्ही पक्ष दुखावतात.

नऊवारी हवी असेल तर तयार क्वचित मिळते. सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड लागतं, म्हणून फोनवर आधी सांगून विणून घ्यावी लागते, आणि मागावर एक साडी व्हायला नक्षीप्रमाणे काही दिवसांपासून काही आठवडे जातात. १९७९ मध्ये सुरू झालेल्या रेवा सोसायटीचे माग किल्ल्याच्या परिसरातच आहेत. तिथे काम चालू असताना बघता येतं, फक्त साप्ताहिक सुट्टी विचारून जा. गल्ल्यांमधून खटखट ऐकू येते तिथेही दारात उभं राहून विचारलं तर लोक आत घेतात. मागाला हात लावायचा नाही, ताण्याचे धागे तुटतात आणि ते जोडण्यात विणकराचा वेळ जातो. घरी आणल्यावर पहिली धुलाई थंड पाण्यात वेगळी, सौम्य साबणाने, वाळवणं सावलीत. आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर रेशमी ताणा घडीवरच विरतो.

खाण्याचं थोडक्यात. सकाळी पोहे-जिलेबी. पोहे वाफेवर मऊ ठेवलेले, वरून शेव, कांदा आणि जिरावन मसाला. पुण्याच्या कांदेपोह्यांशी तुलना करायचा मोह आवरा. जिरावनची पुडी मात्र घरी आणा, काकडी-पेरूवर छान लागते. जेवायला दाल-बाफले: बाफला आधी उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात, त्यामुळे दोन खाल्ल्यावर घाट चढवत नाही. दुपारच्या आरामाचं नियोजन म्हणून वर केलं आहे. हिवाळ्यात भुट्ट्याचा कीस मिळाला तर सोडू नका.

दुसरा मुक्काम असेल तर तिसऱ्या दिवसासाठी दोन पर्याय. एक मांडू, धामणोदमार्गे चाळीसेक किलोमीटर, पूर्ण दिवस. तिथल्या रूपमतीच्या मंडपातून स्वच्छ हवेत नर्मदेची रेघ दिसते. दुसरा पर्याय पुणेकरांसाठी, आणि सहलींच्या यादीत तो सहसा नसतो: रावेरखेडी. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० ला तिथे, नर्मदेच्या दक्षिण तीरावर गेले. त्यांची समाधी तिथे आहे, तटबंदीच्या आवारात, नदीला लागून. मंडलेश्वरच्या पुलावरून दक्षिण तीरावर या आणि कसरावद-बेडियाच्या बाजूने जा. जाऊन-येऊन अर्धा दिवस धरा. परतीची गाडी खंडव्याहून असेल तर हे वाटेतच होतं. बेडियाची मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. हंगामात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल मिरचीची वाळवणं पसरलेली असतात, काचा वर ठेवा. रावेरखेडीचे शेवटचे काही किलोमीटर अरुंद रस्ता आहे आणि समाधीपाशी खाण्यापिण्याची सोय धरून चालू नये. पाणी आणि डबा बेडियालाच भरून घ्या.